सेल्फ

आत्मा जळत नाही आणि भिजत नाही, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. सेल्फ मात्र जळतो. सेल्फ भिजतोही, आणि पावसाळ्यात, संध्याकाळी, बायकोमुलांसह परगावी असताना तर हमखास भिजतो. तरीसुद्धा आपल्याकडे आत्म्यावर ग्रंथांचे ढीग पडले आणि सेल्फबद्दल कुणी चार ओळी खरडल्या नाहीत. हा अन्याय दूर करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सेल्फ म्हणजे गाडीचं इंजिन सुरू करणारी विजेची मोटार. कंपनीच्या पुस्तकात तिला 'स्टार्टर मोटर' म्हणतात. पण पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात जाऊन तुम्ही 'स्टार्टर बिघडलाय' असं म्हणून पाहा. मिस्त्री विचारील, 'कितीची मोटार हाय? तीनची का पाचची?' कारण आमच्या भागात स्टार्टर म्हणजे विहिरीवरच्या पंपाची भिंतीवर टांगलेली पेटी. गाडीचा तो सेल्फ. मूळ शब्द 'सेल्फ-स्टार्टर'. इंग्रजांनी त्यातला मागचा अर्धा ठेवला, आपण पुढचा ठेवला. त्यामुळे आपली गॅरेजं एकदम अध्यात्माच्या पातळीवर गेली. 'सेल्फ उचलत नाही', 'सेल्फ गेला', 'सेल्फ उतरवावा लागेल', ही वाक्यं एखाद्या मठात ऐकली तर माणूस डोळे मिटून मान डोलावेल.

हा सेल्फ नव्हता तेव्हा लोक गाडी कशी सुरू करत? तर हँडल मारून. गाडीच्या नाकासमोर उभं राहायचं, बंपरच्या भोकातून ते वाकडंतिकडं लोखंड आत सरकवायचं आणि देवाचं नाव घेऊन गरकन फिरवायचं. त्याचं एक शास्त्र होतं. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली कधी दाबायचं नाही. आणि अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडून वेटोळं घालायचं नाही. कारण ठिणगी अवेळी पडली, तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल फिरवणाऱ्यालाच फिरवतं. बोटं सुटली तर सुटली. अंगठा अडकला, तर मनगट गेलंच म्हणून समजा. हाडांच्या डॉक्टरांच्या पुस्तकात मनगटाजवळच्या एका विशिष्ट मोडीला आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' असं नाव आहे. शोफर हा शब्द फ्रेंच. त्याचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा, आगवाला. म्हणजे ड्रायव्हर हा मुळात चालवणारा नव्हेच, सुरू करणारा! चालवायला काय, मालकही चालवायचे. मनगट मोडून घ्यायला मात्र पगारी माणूस ठेवत.

यावर उपाय शोधायची खटपट बऱ्याच जणांनी केली. कुणी स्प्रिंग लावून पाहिली, कुणी दाबून भरलेली हवा सोडून पाहिली, कुणी थेट ॲसिटिलीन वायूचा प्रयोग केला. विजेची मोटार का नको, असंही लोक म्हणत होते. पण जाणकारांचा हिशेब असा, की इंजिन फिरवायचं तर मोटार जवळपास इंजिनाएवढीच मोठी हवी आणि तिला पुरेल एवढी बॅटरी ठेवायला मागे एक वेगळा गाडा जोडायला हवा. थोडक्यात, गाडी सुरू करायला दुसरी गाडी!

अशात १९०८ साली अमेरिकेत बायरन कार्टर नावाचे एक मोटार-कारखानदार वारले. सांगतात ते असं, की रस्त्यात एका बाईंची गाडी बंद पडली होती, म्हणून हे गृहस्थ मदतीला उतरले. हँडलाचा उलटा तडाखा जबड्यावर बसला आणि त्याच दुखण्यात ते गेले. गाडी कॅडिलॅक होती. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड त्यांचे स्नेही. त्यांनी ठरवलं, आपल्या गाडीनं यापुढे कुणाचा जीव घ्यायचा नाही. गोष्टीतला मीठमसाला सोडून द्या. पण लेलंडसाहेबांनी हे काम चार्ल्स केटरिंग नावाच्या तरुण इंजिनिअरकडे सोपवलं, ही गोष्ट पक्की.

हा केटरिंग कुठून आला होता? दुकानातल्या गल्ल्यापासून. डेटन गावी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत त्यानं विजेवर उघडणारा गल्ला तयार केला होता. त्या गल्ल्यानं त्याला एक शहाणपण शिकवलं होतं. ड्रॉवर उघडायला जोर लागतो खरा, पण किती वेळ? क्षणभर. मग मोटार दिवसभर राबायच्या मापाची कशाला? लहानशीच घ्या, तिच्या कुवतीबाहेरचं काम तिच्याकडून क्षणभर करून घ्या आणि ती तापायच्या आत तिला सोडून द्या. हेच त्यानं इंजिनाला लावलं. १९११ साली प्रयोग यशस्वी झाला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्या सेल्फ लावूनच बाजारात आल्या.

म्हणजे बघा, सगळ्या गाडीत एवढा एकच भाग असा, की ज्यानं काही सेकंद जीव तोडून काम करायचं आणि इंजिन सुरू झालं रे झालं, की निमूटपणे बाजूला व्हायचं. सेल्फच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं. ते पुढे सरकतं, फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकतं, इंजिनाला गती देतं आणि इंजिन स्वतःच्या पायावर धावू लागताच मागे फेकलं जातं. या युक्तीमागे व्हिन्सेंट बेंडिक्स नावाचा अमेरिकन होता. आमच्याकडच्या मिस्त्रींना तो माणूस माहीत नाही, पण 'बेंडिक' सगळ्यांना माहीत आहे. हे चाक वेळेवर मागे हटलं नाही, तर सेल्फचा चुरा होतो. काम करून घेतल्यावरसुद्धा खुर्ची न सोडणारी मंडळी आपण सभा-संमेलनांत नेहमी पाहतो. त्यांना बेंडिक बसवायची सोय अजून निघालेली नाही.

सेल्फनं मनगटं वाचवली, हे तर झालंच. पण त्यानं आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. आपल्या देशात गाडी चालवणारी पहिली स्त्री म्हणून जे. आर. डी. टाटांच्या आईचं, सुझान टाटांचं नाव घेतात. साल सांगतात १९०५. म्हणजे सेल्फच्या सात वर्षं आधी. तेव्हा चालवायला एक आणि हँडल मारायला दुसरा, असा हिशेब जगभर होता. अमेरिकेत म्हणूनच पैसेवाल्या बायका विजेच्या गाड्या वापरत. तिथं १९००च्या सुमारास पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा वाफेच्या आणि विजेच्या गाड्या जास्त बनत, हे आज सांगून खरं वाटत नाही. विजेच्या गाडीला ना हँडल, ना धूर. गंमत म्हणजे ज्या हेन्री फोर्डनं आपल्या मॉडेल टीचं हँडल गिऱ्हाइकांच्या हातात दिलं, त्याची स्वतःची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाच्या कंपनीची विजेची गाडी चालवत असे. नवऱ्याच्या मालावर बायकोचा भरवसा नसणं, ही काही आपल्याच घरांतली रीत नव्हे. मॉडेल टीला सेल्फ मिळाला तो १९१९ साली, तोही आधी बंद टपाच्या गाड्यांना. पुढे सगळ्याच पेट्रोल गाड्यांना तो आला आणि विजेच्या गाड्या वर्षानुवर्षांसाठी गाशा गुंडाळून गेल्या.

आमच्या सातारा-सांगलीकडे मात्र हँडल इतक्या सहजासहजी जायचं नव्हतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना काढला, १९२२ साली साताऱ्यात धनजीशा कूपरांनी काढला. आधी नांगर आणि मग डिझेल इंजिनं, असा त्यांचा प्रवास. हे धनजीशा कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांचं मंत्रिमंडळ चार महिनेसुद्धा टिकलं नाही, पण त्यांची इंजिनं विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्या इंजिनांना सेल्फ कसला? हँडलच. त्यामुळे आमच्याकडच्या शेतकऱ्याला अंगठा कुठे ठेवायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही.

माझ्या काकांना मात्र शिकवूनही ते आलं नाही. काका साताऱ्याचे. त्यांची मॉरिस मायनर होती, १९५०च्या आसपासची. हिंदुस्थान मोटर्सनं ज्या गाडीला 'बेबी हिंदुस्तान' म्हणून इथं आणलं, तीच ही. १९८४ साली, म्हणजे मी सांगतोय त्या वेळी, बेबी चौतिशीला आली होती. काकांचं तिच्यावर निरतिशय प्रेम. दर रविवारी सकाळी देवपूजा उरकली, की ते तेलाची बुधली घेऊन गाडीखाली शिरत आणि जिथे जिथे काही हलतंय असा संशय येईल, तिथे तिथे तेल सोडत.

काकूंना गाडी उत्तम यायची. लायसन होतं, हात साफ होता, घाटात त्या काकांपेक्षा शांत असत. पण बेबीचा सेल्फ लहरी. दहा वेळा बटण ओढलं, तर तीन वेळा उचलायचा. उरलेल्या सात वेळा हँडल. आणि हँडल मारायला पुरुष माणूस. काकू म्हणायच्या, 'गाडी मला येते. पण मला कुठं जायचंय हे आधी शेजारच्या मुलाला सांगावं लागतं.' त्यांचं माहेर वाई. साताऱ्याहून वाई ते किती लांब? तरी वीस वर्षांत त्या एकट्या गाडी घेऊन माहेरी गेल्या नव्हत्या. जाताना कुणीतरी सुरू करून देईल. वाईहून निघताना भाऊ घरी नसला, तर?

त्या साली आम्ही पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. परत निघायच्या आदल्या दिवशी काकांनी स्वतःच टायमिंग लावलं, स्वतःच हँडल मारलं आणि डॉक्टरी पुस्तकातलं ते फ्रॅक्चर स्वतःच्या उजव्या मनगटावर उमटवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी हँडल मारलं. काकू चालवायला बसल्या आणि काका प्लॅस्टरमधला हात छातीशी धरून शेजारी. नीरा ओलांडून शिरवळला आलो, तेव्हा चहा घ्यायचं ठरलं.

शिरवळ हे थांबायचंच गाव. पुढे खंबाटकीचा घाट. जुन्या गाड्यांना चढण्याआधी पाणी दाखवायची ती जागा. गावात दगडी बांधणीची प्राचीन पाणपोई आहे. म्हणजे वाटसरूंना इथं थांबून पाणी प्यायची सवय रेडिएटरच्या कितीतरी शतकं आधीची. इथल्या सुभानमंगळ गढीवर १६४८ साली शिवाजीराजांच्या माणसांनी फत्तेखानाच्या फौजेशी झुंज घेतली. स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढायांतली ही एक. तेव्हा सुरुवात करून देण्याचा अनुभव या गावाला जुनाच आहे.

चहा झाला. काकूंनी बटण ओढलं. 'टक्' असा एकच आवाज आला आणि सगळं शांत. मी हँडल घातलं, तर ते जागचं हलेना! काका म्हणाले, 'जोर लाव.' मी लावला. गाडी हलली, हँडल नाही.

समोरच एका शेडमध्ये एक मिस्त्री ट्रकच्या पाट्यांशी झटत होते. ते हात पुसत आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'बेंडिक आडाकलाय. सेल्फनं इंजिनाचा हात धरलाय, सोडंना. तुमी दोघांनी वडून काय हुतंय?' त्यांनी काकूंना गाडी टॉप गिअरला टाकायला सांगितली आणि आम्ही ती मागेपुढे झुलवली. नाही सुटला. मग बॉनेट उघडून त्यांनी सेल्फच्या शेपटाची पितळी टोपी काढली. खाली दांड्याचं चौकोनी टोक होतं. त्याला पाना लावून फिरवताच आत 'खट्' झालं आणि बेंडिक मागे आला. इंग्रज कारागिरानं हा चौकोन काढून ठेवला, म्हणजे सेल्फ असा अडकणार, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं म्हणायचं!

बटण ओढलं. या वेळी सेल्फ नुसता कण्हला.

काका म्हणाले, 'सुटलाय ना? झालं तर. आता हँडल मारू, पोरगा आहेच. सेल्फचं पुढं बघू.'

काकू स्टिअरिंगवरून उठल्या, गाडीतून उतरल्या आणि झाडाखालच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, 'हे पुढं बघू मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. मिस्त्री, सेल्फ उतरवा.' मग काकांकडे वळून, 'आणि अहो, तुमचा हात प्लॅस्टरात आहे. सेल्फ आज झाला नाही, तर साताऱ्यापर्यंत गाडी तुम्ही चालवा.'

यापुढे काका काही बोलल्याचं मला आठवत नाही.

सेल्फ उतरवण्याचा पहिला धडा म्हणजे आधी बॅटरी सोडवायची. नाहीतर मोठ्या केबलला पान्याचा स्पर्श होतो आणि वेल्डिंगचं दुकान सुरू होतं. मिस्त्री बॅटरीशी गेले आणि थबकले. 'साहेब, ही गाडी उलटी हाय. पलस बॉडीला दिलाय!' खरंच, त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत अधिक टोक अंगाला जोडायची पद्धत होती. त्यांनी बॅटरीला एकवार नमस्कार केला आणि केबल सोडवली.

मग सेल्फची केबल. मग दोन बोल्ट. वरचा बोल्ट दर्शनी भागात, लगेच भेटणारा. खालचा मात्र मोठ्या साहेबांसारखा, आत आहेत म्हणतात पण दिसत नाहीत. मिस्त्री पोतं अंथरून गाडीखाली गेले. नुसते पाय बाहेर आणि आतून एकेक मागणी. 'चौदा द्या.' बसेना. 'पंधरा द्या.' फिरून जायला लागला. यात मिस्त्रींचा दोष नव्हता. या जुन्या मॉरिस इंजिनांची कुळकथाच तशी आहे. मॉरिससाहेबांनी आपला इंजिन कारखाना घेतला तो हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. यंत्रं फ्रेंच, म्हणून बोल्टचे आटे मिलिमीटरचे. गिऱ्हाइकांच्या घरचे पाने इंग्रजी, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची. डोकं इंग्रज, आटे फ्रेंच आणि खाली पोत्यावर शिरवळचा मिस्त्री! शेवटी त्यांनी पोराला पिटाळून कुठूनसा एक जुना पाना आणवला, त्यावर पाइप चढवला, रॉकेल सोडलं, विडी ओढली आणि दुसऱ्या दमात बोल्ट 'कर्रर्र' करून हलला. बोल्ट निघाले, तरी सेल्फ निघत नव्हता. एवढ्या जागेतून एवढा सेल्फ बाहेर काढणं म्हणजे चाळीच्या जिन्यातून कपाट उतरवणं. थोडा पुढे, थोडा तिरका, परत मागे, नाक वर, शेपूट खाली, असं करत तो एकदाचा बाहेर आला.

फरशीवर तो उघडला. कार्बन झिजून नखाएवढे उरलेले. आर्मेचरचं तांबं काळंठिक्कर. आणि बेंडिकवर तेल आणि धूळ यांचा चांगला बोटभर गिलावा. मिस्त्रींनी तो बोटानं खरवडला. 'ह्याला त्याल कुणी घातलं?'

'मी,' काका अभिमानानं म्हणाले. 'दर रविवारी.'

'ह्याला त्याल चालत न्हाई साहेब. ह्यो कोरडाच पायजे. त्यालानं धूळ धरतिया आन्‌ बेंडिक हितंच चिकटून ऱ्हातोय.'

वीस वर्षं ज्या सेल्फच्या नावानं आम्ही बोटं मोडत होतो, तो काकांच्या प्रेमानं गुदमरला होता. काकू बाकड्यावर बसून ऐकत होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत. फक्त दुसरा चहा सांगितला, आणि त्यात काकांचा धरला नाही.

बेंडिक रॉकेलनं धुतला. आर्मेचर पॉलिश पेपरनं लख्ख केलं. तसे कार्बन शिरवळात कुठले मिळायला? ट्रकच्या सेल्फचे जाड कार्बन आणून मिस्त्रींनी ते कानशीनं मापात घासून बसवले. सेल्फ जमिनीवर ठेवून त्यावर पाय दिला आणि बॅटरीच्या तारा टेकवल्या. तो असा काही उसळला, की बेंडिक झपकन पुढे आला आणि बघायला जमलेली पोरं झपकन मागे गेली.

ऊन कलल्यावर तो परत चढला. काकू बसल्या, बटण ओढलं. एका झटक्यात इंजिन बोलायला लागलं. काकूंनी ते मुद्दाम बंद केलं आणि परत सुरू केलं. परत बंद, परत सुरू. चार वेळा. मिस्त्रींचे पैसे त्यांनी स्वतःच्या पर्समधून दिले. खंबाटकी चढताना काका एकदाच म्हणाले, 'गिअर बदल.' काकूंनी तो आधीच बदलला होता.

पुढच्या गुरुवारी काकू एकट्या वाईला गेल्या. मग त्या दर महिन्याला जाऊ लागल्या. काकांची बुधली काकूंनी उचलून शिवणयंत्राच्या खणात ठेवली. तेलाची खरी गरज तिथं होती म्हणे. गाडी मध्ये बंद पडली तर काय कराल, असं कुणी विचारलं, तर काकू म्हणत, 'पडली तर पडू दे. ते पुढचं. निघता तर येतं ना?'

आता विजेच्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत. ज्यांना सेल्फनं शंभर वर्षांपूर्वी हुसकून लावलं, त्याच त्या. त्यांच्यात सेल्फ नावाचा भागच नाही. जी मोटार निघते, तीच शेवटपर्यंत चालते. म्हणजे उतरवायला काही नाही, पोतं अंथरायला नको आणि डोकं इंग्रज की आटे फ्रेंच, हा प्रश्नही नाही. सोय झाली खरी. फक्त अशी गाडी घाटाखाली अडलीच, तर शिरवळच्या झाडाखाली बसून 'मिस्त्री, सेल्फ उतरवा' असं ठणकावून सांगायची संधी काही मिळणार नाही. बायकांना दुसरं काहीतरी उतरवायला सांगावं लागेल. आणि त्या सांगतील; ते आपल्याला कळेल तेव्हा मात्र त्या वाईला पोचलेल्या असतील.